जीपीएस घड्याळ: धावणाऱ्याच्या मनगटावर नेमकं कितपत कामाचं?

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की आमच्या रनिंग ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, "घड्याळ कुठलं घेऊ?" आणि त्यावर धडाधड मॉडेलची नावं पडतात. कोणी बजेट विचारतं, कोणी स्क्रीन कशी आहे विचारतं, पण तू पळतोस कुठे, किती, आणि त्या घड्याळाकडून तुला नक्की काय कळून घ्यायचंय हे कोणीच विचारत नाही. मी बरीच वर्षं पळतोय, सकाळी ग्रुपमधल्या नवीन मुलामुलींना ट्रॅकवर घेऊनही जातो, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची घड्याळं स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या मनगटावर बघून माझं मत एकदम पक्कं झालंय. घड्याळ जे प्रत्यक्ष मोजतं ते चांगलं मोजतं आणि जे अंदाजाने काढतं ते नुसता अंदाज म्हणूनच घ्यायचं. या दोन गोष्टी स्क्रीनवर शेजारी शेजारी, एकाच आकाराच्या आकड्यात दिसतात ना, तिथेच सगळा घोळ होतो.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खूप आहे. मनगटावरचं जीपीएस रनिंग घड्याळ लोकांपर्यंत पोचलं ते साधारण २००३ च्या गार्मिन कंपनीच्या फोररनर २०१ पासून. त्याआधी लाँग रनचं अंतर काढायचं तर बाईकने रूट फिरून किलोमीटर बघायचे. आता दाराबाहेर पडा, सिग्नल पकडू द्या आणि पळा. नवीन माणसाला तर सगळ्यात मोठा फायदा हा की तो स्लो पळायला शिकतो. ईझी रन म्हणजे ईझी, हे तोंडाने कितीही सांगा, चार जण सोबत असले की पाचवा किलोमीटर आपोआप शर्यत होतो. मनगटावर पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतायत ते, दिसत असला की माणूस स्वतःला आवरतो. आणि दुसरा फायदा मला फार मोलाचा वाटतो, कोच पुण्यात आणि मुलगी माणदेशातल्या एखाद्या गावात असली तरी तिने सकाळी काय केलं, कुठला लॅप, म्हणजे फेरी किंवा टप्पा, कितीत मारला, ठोके कुठे चढले हे संध्याकाळपर्यंत कोचसमोर असतं. ज्यांना रोज ग्राउंडवर कोच मिळत नाही त्यांच्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

आता अंतर. उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर वर फिरतायत, तिथून येणारा सिग्नल एकदम क्षीण असतो, मोकळ्या आकाशाखाली घड्याळ काही मीटरच्या फरकाने जागा बरोबर धरतं. पण उंच इमारतींमध्ये तोच सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतो आणि घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. मुंबई मॅरेथॉन पळालेल्या कोणाचाही मॅप उघडून बघा, सी लिंकवर रेघ सरळ आणि स्वच्छ, आणि फोर्ट, सीएसएमटीच्या भागात इमारतींच्या मधे आलं की तीच रेघ वेडीवाकडी. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पावसाळ्यात झाडी दाट झाली की थोडंफार तसंच. यावर उपाय म्हणून ड्युअल फ्रिक्वेन्सी आली, म्हणजे जुन्या एल वन सिग्नलसोबत एल फाइव्हही वापरायचा, त्यामुळे आपटून आलेला सिग्नल ओळखणं सोपं जातं. २०२२ मध्ये फोररनर २५५, ९५५ आणि ॲपल वॉच अल्ट्रा हे घेऊन आले, २०२३ मध्ये कोरोस कंपनीच्या पेस ३ ने तेच बऱ्याच कमी किमतीत दिलं. फरक खरंच दिसतो, पण शहरात आणि दाट झाडीत. तुम्ही साताऱ्याच्या माळावर किंवा लातूर-सोलापूरच्या मोकळ्या रस्त्यावर पळत असाल तर साधं जीपीएस आणि ड्युअल यात तुम्हाला फारसा फरक कळणार नाही, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे घालू नका.

आणि आता तो दर शर्यतीनंतरचा वाद, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते त्यावरून. "मॅरेथॉन मोजायला चुकले, माझ्या घड्याळात ४२.६ आलं." नाही, सहसा चुकलेले नसतात. सर्टिफाइड कोर्स, म्हणजे शर्यतीचा अधिकृत मोजलेला रस्ता, सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात, तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, आणि कोर्स चुकून कमी भरू नये म्हणून वर हजारात एक एवढी भर घालतात, म्हणजे मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर. आपण मात्र गर्दीतून वाट काढत, पाण्याच्या टेबलाकडे जात, वळण बाहेरून घेत पळतो, त्यात जीपीएसची स्वतःची चूक. म्हणून आकडा जास्तच येतो. हे माहीत असणं नुसतं वाद जिंकायला नाही, शर्यतीत त्याने खरंच नुकसान होतं. समजा चार तासांच्या आत यायचंय. हिशेब निघतो ५:४१ चा पेस. घड्याळावर ५:४१ धरून पळालात आणि घड्याळाने एकूण ४२.६ मोजलं तर तुम्ही ४ तास २ मिनिटांनी पोचता, वर घड्याळ सांगतं की तुम्ही पूर्णवेळ बरोबर पेसवर होता! घड्याळावर ५:३८ दिसायला हवं होतं. ३ सेकंदांचा फरक, पण महिनोन् महिने केलेली तयारी त्यात जाते. म्हणून मी ग्रुपमधल्या सगळ्यांना सांगतो, शर्यतीत ऑटो लॅप, म्हणजे घड्याळाने स्वतःच्या मोजणीवरून आपोआप लॅप धरणं, बंद करा आणि किलोमीटरचा बोर्ड आला की हाताने लॅपचं बटण दाबा. बोर्डावरचं अंतर खरं, घड्याळातला वेळ खरा, दोन्ही खऱ्या गोष्टी एकत्र आल्या की पेसही खरा.

इंटरव्हलच्या, म्हणजे थोडं अंतर जोरात, मग विश्रांती, असं आलटून पालटून पळायच्या दिवशी तर मी मुलांना स्क्रीनवरचा चालू पेस काढूनच टाकायला लावतो. कारण घड्याळ मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून तो दाखवतं, नाहीतर आकडा सतत नाचत राहील. २०० मीटर चाळीस सेकंदात मारायचे असतील तर पेस स्थिर होईपर्यंत अर्धं अंतर संपलेलं असतं, मुलगा स्क्रीन बघून जोर लावतो आणि शेवटचे पन्नास मीटर पाय गोळा होतात. ट्रॅकवर वळणं जीपीएस नीट धरत नाही, त्यामुळे नुसत्या रन मोडमध्ये ४०० मीटरच्या एका फेरीला कधी ४१०, कधी ४२० दाखवतं. हल्ली गार्मिन, कोरोसमध्ये ट्रॅक मोड असतो, त्यात लेन नंबर टाकायचा, मग ते फेरीला ४०० धरून हिशेब करतं आणि त्या मोडमध्ये आकडे खूपच नीट येतात. पण लेन बरोबर टाका, आठव्या लेनची फेरी ४५३ मीटरच्या आसपास जाते. आमच्याकडे सकाळी मातीच्या ग्राउंडवर, जिथे चुन्याच्या रेघा पावसाने निम्म्या धुऊन गेलेल्या असतात, तिथे ट्रॅक मोडचाही काही उपयोग नाही, तिथे टेपने मोजून दोन झेंडे रोवायचे आणि लॅपचं बटण. हे जे बटण आहे ना, माझ्या मते अख्ख्या घड्याळातलं सगळ्यात कामाचं फीचर तेच आहे.

हृदयाचे ठोके. घड्याळाच्या मागे हिरवे दिवे लुकलुकतात, ते कातडीखालच्या रक्ताच्या चढउतारावरून ठोके मोजतात. झोपेत, ऑफिसात बसल्यावर, सावकाश पळताना चांगलं चालतं. पण जोरात पळताना हात हलतो, घाम येतो, पट्टा घसरतो, आणि मग सेन्सर ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडून बसतो. आमच्यातल्या एकीच्या घड्याळात घाट उतरताना ठोके १७४ दिसत होते, तिचा श्वास एकदम शांत, गप्पा मारत उतरत होती. तिची पावलं मिनिटाला किती पडतात बघितलं तर तीही १७४! तिथेच थांबून तिने पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवून घट्ट केला आणि आकडा पाच मिनिटांत १३० वर आला. हे कुठल्याही कंपनीच्या घड्याळात होऊ शकतं. ज्यांना खरंच हार्ट रेट झोनवर, म्हणजे ठोके ठरावीक टप्प्यात ठेवून, ट्रेनिंग करायचंय त्यांनी छातीचा पट्टा, म्हणजे छातीवर बांधून ठोके मोजणारा सेन्सर, घ्यावा. पळण्याआधी पट्ट्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करायचे, नाहीतर घाम येईपर्यंत पहिली काही मिनिटं काहीही आकडे येतात. माझं स्पष्ट मत आहे, तुमच्याकडे चाळीस हजार असतील तर पंचवीस-तीसचं घड्याळ आणि छातीचा पट्टा घ्या, चाळीसचं नुसतं घड्याळ घेऊ नका.

आणि झोन कशावरून काढलेत तेही बघा. सेटिंगमध्ये कमाल ठोके बरेचदा २२० वजा वय असे आपोआप भरलेले असतात. ते सरासरीचं गणित आहे, एकाच वयाच्या दोन माणसांत १५-२० ठोक्यांचा फरक सहज असतो. ते चुकलं की ईझीचा झोन चुकतो, टेम्पोचा (जोरात पण टिकवून पळायचा) चुकतो, घड्याळ सांगेल त्या प्रत्येक गोष्टीचा पायाच वाकडा. अंगात ताप नसताना, नीट वॉर्मअप करून, एखादी पाच किलोमीटरची शर्यत जीव तोडून पळा आणि छातीच्या पट्ट्याने आलेला सगळ्यात वरचा आकडा तिथे भरा. वय जास्त असेल किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टर.

घाटात पळणाऱ्यांसाठी उंची हा वेगळा विषय. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढताना पेस बघून काहीच कळत नाही, चढ किती झाला आणि किती राहिला हे कळलं पाहिजे. नुसत्या जीपीएसवरून काढलेली उंची बरीच चुकते, म्हणून बॅरोमीटर असलेलं घड्याळ हवं, ते हवेच्या दाबावरून उंची काढतं. फोररनर ५५ मध्ये बॅरोमीटर नाही, १६५ मध्ये आहे, चढावर पळणाऱ्याने हा एक फरक नक्की बघावा. फक्त एक, बॅरोमीटरला हवा लागते आणि त्यासाठी घड्याळाच्या कडेला बारीक भोकं असतात. सप्टेंबरच्या त्या झिमझिम पावसात विंडचीटरची ओली बाही त्यावर चिकटली की किंवा भोकात पाणी आणि घामाचं मीठ बसलं की उंची उगाच वर-खाली व्हायला लागते. घरी आल्यावर साध्या पाण्याने, साबण न लावता धुवायचं, पिनने भोकं कोरायची नाहीत. चार्जिंगच्या पिनांनाही तेच, घाम वाळू दिला की त्या काळ्या पडतात. आणि पट्टा काढून मनगट पण कोरडं करा, पावसाळ्यात दिवसभर ओला सिलिकॉन पट्टा राहिला की पुरळ आलंच म्हणून समजा. कापडी पट्टा हलका असतो, पण आपल्याकडे जुलैत तो दोन-दोन दिवस वाळत नाही.

पावसाचा विषय निघालाच आहे तर, टच स्क्रीन कितीही सुंदर असू दे, पळताना बटणं पाहिजेत. ओल्या बोटाने टच नीट चालत नाही, ओली बाही घासली की नको ते पान उघडतं. घेण्याआधी दुकानात बघा की सुरू, थांब आणि लॅप हे तिन्ही नुसत्या बटणाने होतंय का. सह्याद्रीत ट्रेल, म्हणजे डोंगरवाटांवर, पळणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. सिंहगड-राजगड-तोरणा अशा वाटेवर धुकं आलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, तिथे घड्याळात आधी टाकून ठेवलेल्या रूटची रेघ मनगटावर दिसणं हा फार मोठा आधार आहे. वाट सुटली की घड्याळ हाताला थरथर देतं. तरीही ती रेघ म्हणजे वाट नव्हे, कड्याच्या काठावर पाच-दहा मीटरचा फरकही जीवावर बेततो, त्यामुळे वाट माहीत असलेला माणूस सोबत हवाच.

आता ज्याच्यावर लोक सगळ्यात जास्त विश्वास ठेवतात आणि माझ्या मते ठेवू नये ते. व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा), रिकव्हरी टाइम, ट्रेनिंग स्टेटस, रेसचं भाकीत. लॅबमध्ये व्हीओटू मॅक्स काढायला तोंडावर मास्क लावून ट्रेडमिलवर दमेपर्यंत पळवतात आणि श्वासातला ऑक्सिजन मोजतात. घड्याळ यातलं काहीच मोजत नाही, ते तुमचा वेग आणि ठोके यांची सांगड घालून अंदाज बांधतं. आता नागपूर, अकोला, जळगावचा एप्रिल घ्या. सकाळी सहालाही हवा गरम, त्याच पेसला ठोके दहा-पंधराने वर. घड्याळाला दिसतं की तेवढ्याच वेगासाठी हृदय जास्त काम करतंय, म्हणून फिटनेस घसरला आणि स्क्रीनवर येतं अनप्रॉडक्टिव्ह, म्हणजे मेहनतीचा फायदा होत नाहीये. काही घड्याळं उन्हाचा हिशेब धरायचा प्रयत्न करतात, गार्मिनमध्ये २२ अंशांच्या वर गेलं की उष्णतेची सवय मोजायला सुरुवात होते, पण विदर्भात २२ अंश म्हणजे थंडीच की! उन्हाळ्यात मेहनत करणारी पोरं तो एक शब्द वाचून खचतात हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण तीच पोरं ऑक्टोबर संपल्यावर गार हवेत मिनिटभराने वेळ कमी करतात. महिनाभराचा आलेख बघा, कल बघा, रोजच्या आकड्याला काही अर्थ नाही. तसंच रिकव्हरीचं, घड्याळ म्हणतं बारा तासांत तयार, पण त्याला तुमची दुखणारी नडगी माहीत नाही, रात्री मुलाला ताप होता, तुम्ही गव्हाची कापणी करून आलात यातलं काही माहीत नाही. शरीर नको म्हणतंय आणि घड्याळ हो म्हणतंय तर शरीराचं ऐकायचं.

बॅटरीबद्दल कंपनी जीपीएसच्या तासांचा जो आकडा मोठ्या अक्षरात छापते तो सहसा साध्या जीपीएस मोडचा असतो. पेस ३ चंच बघा, साध्या जीपीएसला ३८ तास, ड्युअल फ्रिक्वेन्सीला १५. मॅरेथॉनपर्यंत कोणालाच अडचण नाही. पण दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्ससारखी ९० किलोमीटरच्या आसपासची, १२ तासांच्या कट-ऑफची शर्यत असेल, वर गाणी, मॅप, सतत पेटलेली स्क्रीन, तर नवीन असताना पुरणारी बॅटरी तीन वर्षांनी पुरेलच असं नाही. तुमच्या सगळ्यात लांब शर्यतीला लागतील त्याच्या दुप्पट तास कागदावर असावेत, एवढं धरून चाला.

बाकी खेळांचं थोडक्यात. समुद्रात किंवा तलावात पोहणाऱ्यांचा हात दर स्ट्रोकला पाण्याखाली जातो आणि पाण्याखाली सिग्नल येत नाही, त्यामुळे ओपन वॉटरचं अंतर हा ढोबळ आकडाच. सायकलवाल्यांना हँडलवरचा कॉम्प्युटर बरा, ट्रायथलॉन करत असाल तर मात्र घड्याळच, एका बटणावर स्विमचं बाइक होतं. कबड्डी-खो-खोवाल्यांनी मॅचमध्ये ते घालायचा प्रश्नच नाही, सकाळच्या रनिंगपुरतं ठीक.

आणि पोलीस भरतीची पोरं. हे मला मनापासून सांगायचंय. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळायचंय, ग्राउंडवर अंतर मोजलेलं आहे, जीपीएसची गरजच नाही. काहीशे रुपयांचं लॅप मोजणारं साधं डिजिटल घड्याळ तुम्हाला ४०० मीटरची फेरी घड्याळ कंपन्यांच्या कुठल्याही महागड्या मॉडेलइतकीच अचूक सांगेल. बापाने ऊस घालून आणलेले किंवा हप्त्यावर काढलेले तीस हजार यात घालू नका. त्या पैशात दोन चांगले शूज येतात आणि वर अंडी-दुधाचा बरेच महिन्यांचा खर्च निघतो.

एक गोष्ट लोक दुकानात विचारतच नाहीत, ती म्हणजे आपला डेटा कुठे राहतो. जुलै २०२० मध्ये गार्मिनवर सायबर हल्ला झाला आणि घड्याळातले रन साठवणारं त्यांचं कनेक्ट ॲप काही दिवस बंद होतं, लोकांच्या घड्याळात रन होते पण वर चढत नव्हते. म्हणून अधूनमधून फाइल काढून स्वतःकडे ठेवा. आणि २०१८ मध्ये स्ट्राव्हा या रन नोंदवायच्या ॲपच्या हीटमॅपवर (लोक कुठे कुठे पळतात ते दाखवणारा नकाशा) जगभरातल्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळून दिसल्या होत्या, कारण सैनिक तिथे घड्याळ लावून पळत होते. तुमच्या घराचंही तसंच आहे. रोज एकाच दारातून सुरू आणि तिथेच बंद, वेळही ठरलेली, हे अनोळखी माणसाला दिसू शकतं. मुलींनी आणि बायकांनी तर ॲप टाकल्या टाकल्या घराभोवतीचा भाग लपवायचं सेटिंग आधी करावं, मग पहिला रन.

घ्यायचं काय? रस्त्यावर दहा-एकवीस किलोमीटर पळणाऱ्याला तीस हजारांच्या आसपासचं फोररनर १६५ किंवा पेस ३ पुरून उरतं. त्यातही मी पेस ३ कडे झुकतो, कापडी पट्ट्यासकट ३० ग्रॅम वजन आणि ड्युअल फ्रिक्वेन्सी, पण १६५ ची स्क्रीन उन्हात आणि रात्री दोन्हीकडे सुरेख दिसते, डोळ्यांना चाळीशी लागलेल्यांनी ते घ्यावं. पन्नास हजारांच्या पुढे फक्त ट्रेल, मॅप, अल्ट्रावाल्यांनी (मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यती पळणाऱ्यांनी) जावं. फोररनर २६५ छान आहे, पण त्यात मॅप नाही, हे माहीत असू द्या. ॲपल वॉच अल्ट्रा २०२२ मध्ये आलं तेव्हा ८९,९०० ला होतं, फोन ॲपलचा असेल आणि दिवसभर बाकीची कामंही त्यावर करणार असाल तरच.

सर्व्हिसबद्दल विचारूनच घ्या. यातली बरीच घड्याळं उघडून दुरुस्त होत नाहीत, वॉरंटीत असेल तर बदलून देतात, संपली असेल तर पैसे भरून दुसरं. माझ्या एका घड्याळाची वरची काच तडकली तेव्हा नुसती काच बदलून मिळणार नाही असं कंपनीने कळवलं, आणि सांगितलेला खर्च नव्या घड्याळाच्या निम्म्याच्या वर होता. तेव्हापासून पहिल्या दिवशीच स्क्रीन गार्ड लावतो.

सेकंडहँड घेत असाल, आणि ग्रुपवर चांगली मिळतातही, तर पैसे देण्याआधी घड्याळ घेऊन मोकळ्या मैदानात जा, सिग्नल किती वेळात पकडतंय बघा, बटणं सगळी दाबून बघा, अर्धा तास जीपीएस चालू ठेवून बॅटरी किती टक्के उतरली ते बघा. चार्जर सोबत हवा, तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. आणि जुन्या मालकाला तुमच्यासमोरच त्याच्या ॲपमधून ते घड्याळ काढून टाकायला आणि रिसेट मारायला सांगा.